'चार्ज' : ओझे कोणाचे, कोणावर?



या सदरात आम्ही मुद्दाम सोपे शब्द घेतो. अवघड शब्द अडला की माणूस कोश उघडतो. सोप्या शब्दासाठी कोणी कोश उघडत नाही, कारण तो आपल्याला येतो अशी प्रत्येकाची समजूत असते. 'चार्ज' हा असाच शब्द. मोबाईल चार्जिंगला लावणारे पाच वर्षांचे पोरसुद्धा तो रोज बोलते. पण हाच शब्द लाईटबिलावर येतो, बँकेच्या करारात येतो, कोर्टाच्या आणि कचेरीच्या कागदावर येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. तो अर्थ न कळल्यामुळे आपल्या माणसांचे नुकसान होताना आम्ही कारकुनीच्या नोकरीत आणि वस्तीतल्या कामात पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आज 'चार्ज'.

प्रथम उच्चार. 'चाक' मधला च नव्हे, 'चार' मधला च. शेवटचा ज 'जवळ' मधला नव्हे, 'जग' मधला. मुलाखतीत हे कानाला खटकते, म्हणून लहानपणीच जिभेला वळण लावलेले बरे.

आता या शब्दाचे मूळ पाहू. ते एकदा कळले की दहा अर्थ पाठ करण्याची गरज उरत नाही. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे मालाची गाडी आणि 'कार्रिकारे' म्हणजे त्या गाडीवर ओझे लादणे. आजची 'कार' आणि जहाजातला 'कार्गो' हे शब्दही त्याच घरातले. तेव्हा चार्ज म्हणजे मुळात लादणे, भरणे. बॅटरीत वीज भरली, चार्ज. बंदुकीत दारू भरली, तोही चार्ज. माणसाच्या डोक्यावर जबाबदारी ठेवली, आरोप ठेवला किंवा पैशाचे देणे ठेवले, सगळे चार्जच.

गंमत अशी की आपल्या मराठीनेही हाच रस्ता धरला आहे. अधिकाऱ्याचा चार्ज म्हणजे पदभार. विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ज म्हणजे प्रभार. सरचार्ज म्हणजे अधिभार. शेतजमिनीवरचा चार्ज म्हणजे बोजा. आपले शब्द बैलगाडीतून आले नसतील, पण भार आणि बोजा त्यांच्यातही आहेच. म्हणून 'चार्ज' दिसला की आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो : ओझे कशाचे आहे? कोणावर आहे? आणि ते उतरणार केव्हा?

हे तीन प्रश्न केवळ परीक्षेसाठी नाहीत. काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयाचे एक सफाई कामगार गृहस्थ इंग्रजी कागदांचा लिफाफा घेऊन आले. वरती ठळक अक्षरात 'आर्टिकल्स ऑफ चार्ज' असे होते. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती, कारण शेजारच्या कोणी शिकलेल्याने "तुमच्यावर चार्ज लागला, आता नोकरी गेली" असे सांगितले होते. दुसऱ्या एका हितचिंतकाने तर उत्तराचा मसुदाही लिहून दिला होता : "माझ्याकडून चूक झाली, लेकराबाळांकडे पाहून माफी असावी." सुदैवाने तो कागद अजून खिशातच होता.

बंधूंनो, इथे चार्ज म्हणजे दोषारोप. दोष ठेवला आहे, सिद्ध झालेला नाही. 'प्रूव्हन' हा शब्द वेगळा आणि 'चार्ज्ड' हा शब्द वेगळा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आहेत. मोठी शिक्षा द्यायची असेल तर त्यांतल्या नियम ८ प्रमाणे आधी दोषारोपपत्र द्यावे लागते. त्याला सहसा चार जोडपत्रे असतात. पहिल्यात दोषारोप काय ते, दुसऱ्यात त्याचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. पुढे लेखी बचाव मागतात, मग चौकशी होते. चौकशीत मदतीला दुसरा शासकीय कर्मचारी बचाव सहायक म्हणून घेता येतो. नगरपालिका, महामंडळे आणि कारखाने यांचे नियम निरनिराळे आहेत, पण आधी दोष सांगायचा, मग बाजू ऐकायची हा क्रम सगळीकडेच आहे.

आता त्या माफीच्या मसुद्याचा विचार करा. दोष मान्य केला की त्यावर चौकशीची गरज राहत नाही. वरिष्ठ थेट निष्कर्ष लिहू शकतात. आपल्या लोकांना साहेबापुढे हात जोडण्याची जी पिढ्यान् पिढ्यांची सवय लावली गेली, ती अशी कागदावर उतरते आणि तोच कागद पुरावा होतो. त्या गृहस्थांवरचा आरोप होता तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहण्याचा. त्या तीन दिवसांत त्यांची मुलगी दवाखान्यात होती आणि त्याचे कार्डही घरात पत्र्याच्या पेटीत होते! आम्ही त्यांना दोषारोप नाकबूल असल्याचे सरळ मराठीत लिहून दिले, दवाखान्याच्या कार्डाची प्रत जोडली आणि पोच घ्यायला लावली. चौकशी अद्याप चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही, पण ते आता चौकशीला उभे आहेत, शरण गेलेले नाहीत.

पोलिसांच्या बाबतीत तर आणखी घोटाळा आहे. "चार्जशीट दाखल" असे वर्तमानपत्रात आले की वस्तीत मुलाच्या नावाने कुजबुज सुरू होते. वास्तविक तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात, त्यालाच बोलीत चार्जशीट म्हणतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्याला पोलीस अहवालच म्हटले आहे. तो वाचून न्यायालय आरोप निश्चित करते, ते खरे 'फ्रेमिंग ऑफ चार्ज'. खटला त्यानंतर चालतो. आणि दोष सिद्ध झाला तरच माणूस 'कन्व्हिक्टेड' होतो.

नोकरीचे फॉर्म भरणाऱ्या तरुणांनी हे फार नीट वाचावे. अटक झाली होती काय, खटला चालू आहे काय, शिक्षा झाली काय, हे तीन वेगळे प्रश्न असतात. मोर्चात धरले गेलेला मुलगा घाबरून सगळीकडे 'नो' लिहितो, आणि पुढे चारित्र्य पडताळणीत गुन्ह्यापेक्षा माहिती दडवल्याचाच ठपका मोठा होतो. विचारले तेवढ्याचे खरे उत्तर लिहावे आणि पुढे काय निकाल लागला तेही लिहावे.

व्याकरण इथेच सांगून टाकतो. आरोपाच्या अर्थी 'चार्ज' नंतर 'विथ' येतो. "ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट." पण 'अक्यूज' नंतर 'ऑफ' येतो. "ही वॉज अक्यूज्ड ऑफ थेफ्ट." परीक्षेत हमखास विचारतात. पैसे घेण्याच्या अर्थी 'फॉर' : "दे चार्ज टेन रुपीज फॉर अ झेरॉक्स." आणि मालमत्तेवर बोजा असेल तर 'ऑन' : "देअर इज अ चार्ज ऑन द लँड."

'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत मात्र एका 'द' ने मालक-चाकर उलटतात. "द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन" म्हणजे मुलांची जबाबदारी नर्सवर. "द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स" म्हणजेही तेच, पण वाक्य मुलांकडून सुरू झाले. "द चिल्ड्रन आर इन चार्ज ऑफ द नर्स" असे लिहिलेत तर पोरे नर्सला सांभाळतात असा अर्थ होईल! (काही वॉर्डांत तशीही परिस्थिती असते, तो भाग वेगळा.)

कचेरीत चार्ज देणे-घेणे हा एक सोहळाच असतो. निरोपाचा नारळ, हार, फोटो, आणि त्या गडबडीत चार्ज रिपोर्टवर सही. आमचे सांगणे इतकेच की हार नंतर घाला. आधी डेडस्टॉक रजिस्टर उघडा, खुर्च्या मोजा, कपाटाच्या किल्ल्या मोजा, रोखवहीतली शिल्लक आणि पेटीतली रक्कम जुळवा. जे नाही ते 'आढळले नाही' असे लिहूनच सही करा. महिला बचत गटाच्या पेटीलाही हेच लागू. सही केलीत की मागच्याचे ओझे तुमच्या डोक्यावर आले.

आता गावाकडच्या वाचकांसाठी, बोजा. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून जो भाग असतो, त्यात अमुक बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा अशी नोंद असते. तो इंग्रजीतला 'चार्ज'. गहाणात मालमत्तेतला काही हक्क सावकाराकडे जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, पण त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याची वाट मोकळी राहते. हा फरक १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५८ आणि कलम १०० मध्ये आहे. विकास सोसायटीकडून कर्ज घेताना शेतकरी सभासद 'इकरार' करून देतो, तो सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे. इकरार म्हणजे जमिनीवर चार्ज बसवणे. पुष्कळांना वाटते आपण कर्जाच्या अर्जावर आणखी एक अंगठा दिला.

पण बोजा चढण्यापेक्षा तो न उतरण्याचीच तक्रार आमच्याकडे जास्त येते. वडिलांनी कर्ज फेडले, शेवटची पावती देवघरासारखी जपली, आणि वीस वर्षांनी मुलगा त्याच जमिनीवर विहिरीसाठी कर्ज काढायला गेला तर उताऱ्यावर जुना बोजा तसाच! फेडणे आणि बोजा कमी करणे ही दोन कामे आहेत. फेडल्यावर संस्थेकडून बेबाकीचा दाखला घ्यायचा, तो अर्जासोबत तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार नोंदवून घ्यायचा, आणि तो प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून डोळ्यांनी पाहायचा. उताऱ्यावरून ओळ गेली की ओझे उतरले. नुसत्या पावतीवर ते उतरत नाही.

शहरातल्या घरकर्जदारांसाठी यात एक चांगली गोष्ट झाली आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी आदेश काढला आणि तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने घराचे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला चार्जही काढून टाकायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्यामुळे तिथे हा आदेश दाखवून उपयोग नाही. ज्यांचे कर्ज फिटत आले आहे त्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

मात्र चार्ज म्हणजे नेहमी आपल्यावरचेच ओझे, असे नाही. कधी ते आपल्या बाजूनेही असते. आमच्या भगिनींनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यातल्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीची तरतूद आहे, आणि ती रक्कम सुरक्षित राहावी म्हणून न्यायालय समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर चार्ज ठेवू शकते असे तिथेच म्हटले आहे. ठेवू शकते, आपोआप ठेवले जात नाही. म्हणून वकिलांना विचारा, अर्जात ते मागितले आहे का? हुकुमात 'चार्ज' हा शब्द आला आहे का? नाहीतर पोटगीचा आकडा कागदावर राहतो आणि नवरा घर विकून मोकळा होतो. विधवा सुनेच्या आणि इतर अवलंबितांच्या बाबतीतही तसेच. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २७ सांगते की मृताच्या मालमत्तेवर निर्वाहाचा चार्ज आपसूक बसत नाही. तो मृत्युपत्राने, न्यायालयाच्या हुकुमाने, कराराने किंवा अन्य रीतीने बसवावा लागतो. आणि बसवला की त्याची नोंद उताऱ्यावर किंवा सोसायटीच्या दप्तरात करून घ्यावी. ठाऊक नव्हते म्हणून पैसे देऊन विकत घेतले, असे म्हणणारा खरेदीदार नंतर हात वर करतो.

संविधानातही हा शब्द असाच रक्षणकर्ता म्हणून आला आहे. अनुच्छेद ११२ मध्ये काही खर्च भारताच्या एकत्रित निधीवर 'चार्ज्ड' आहे. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, सरकारी कर्जाची फेड हे त्यात येते. संसदेत यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून त्याचा पगार कापण्याचा ठराव कोणी आणू नये, ही त्यामागची दृष्टी. आपल्या राज्याच्या अंदाजपत्रकात 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द दिसतात, त्यांतला 'भारित' तो हाच. स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी लक्षात ठेवावे.

बिलांकडे वळू. महावितरणच्या बिलावर चार्जला 'आकार' म्हणतात : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. घर बंद ठेवून गावी गेलात, एक युनिटही जाळले नाही, तरी स्थिर आकार येतोच, त्यावरून मीटरवाल्याशी भांडू नये. त्याच बिलातले 'वीज शुल्क' मात्र आकार नव्हे, तो राज्य सरकारचा कर. सातबाऱ्यावरची 'आकारणी' म्हणजे पुन्हा तिसरेच, शेतसारा. एकाच घराच्या दोन कागदांवर एका शब्दाची दोन रूपे, आणि आपण म्हणायचे इंग्रजी अवघड!

कर आणि चार्ज यांतला फरक मात्र पक्का हवा. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, हे अनुच्छेद २६५ चे सांगणे. हॉटेलच्या बिलावरचा 'सर्व्हिस चार्ज' हा कर नव्हे. तो हॉटेलवाल्याने आपणहून बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. गृहनिर्माण सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क, ज्याला 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' म्हणतात, ते सेवा आकाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा शासनाचा २००१ चा आदेश आहे. आणि कर्जाचा हप्ता चुकल्यावर बँका पूर्वी दंडव्याज लावत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की दंड हवा तर 'पीनल चार्ज' म्हणून घ्या, व्याजदरात मिसळू नका. त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे एप्रिल २०२४ पासून लागू झाले. व्याज आणि चार्ज हे शब्द वेगळे असल्याने किती फरक पडतो ते हप्ते भरणाऱ्यांना कळेल.

शेवटी 'डिस्चार्ज'. 'डिस' म्हणजे उलट, ओझे उतरवणे. दवाखान्यातून सुटका होते तो डिस्चार्ज, आणि ते कार्ड कधीही फेकू नये, वर सांगितलेच आहे. न्यायालयात आरोप निश्चित होण्याआधीच आरोपी सुटला तर तोही डिस्चार्ज, म्हणजे आरोपमुक्त. पूर्ण खटला चालून सुटला तर 'अॅक्विटल', निर्दोष मुक्तता. फॉर्म भरताना दोन्ही एकच समजू नयेत. नोकरीतल्या 'डिस्चार्ज' ने मात्र ओझे नव्हे, भाकरी जाते, तरी तो 'डिसमिसल' म्हणजे बडतर्फी नव्हे. अशा पत्रात कोणता शब्द वापरला आहे ते जाणकाराकडून तपासून घ्यावे.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी चार वाक्ये देतो. गाळलेला शब्द भरून वहीत लिहा. "शी इज — चार्ज ऑफ द लायब्ररी." "द डॉक्टर डिड नॉट चार्ज एनीथिंग — द चेक-अप." "देअर इज नो चार्ज — अवर हाउस नाउ." "द वर्कर वॉज चार्ज्ड — अॅबसेन्स, बट इट वॉज नॉट प्रूव्हन."

उत्तरे : इन, फॉर, ऑन, विथ. पुढच्या अंकात 'बाँड' घेऊ. जामीन राहण्याआधी तो वाचून होईल तर बरे.